दीड डॉलरात खोली, बाथरूमसह!

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला बाथरूमचं महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. मजल्याच्या टोकाला चार बाथरूम, मजल्यावर साठ पोरं, आठ वाजता लेक्चर आणि सव्वासातला बादली-मग घेऊन उभी असलेली रांग. प्रत्येक रूमला स्वतंत्र बाथरूम असतं तर काय मजा आली असती, हा विचार त्या रांगेत उभं राहून आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो. फरक एवढाच, की आपण विचार करतो आणि नंबर आला की विसरतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या साध्या हॉटेलांमध्येही हीच तऱ्हा होती. खोलीत एक कॉट, पाण्याचा जग, तोंड धुवायला भांडं. आंघोळीला जायचं तर कॉरिडॉरच्या टोकाला. खोलीला जोडून बाथरूम म्हणजे श्रीमंतांची चैन. ही चैन मधल्या खिशाच्या माणसाला देऊनही नफा काढता येतो, उलट दिल्यामुळेच जास्त नफा निघतो, हे ज्याने करून दाखवलं तो माणूस इंजिनिअर नव्हता. एमबीए तर नव्हताच. त्याची शाळासुद्धा फारशी झाली नव्हती. नाव एल्सवर्थ मिल्टन स्टॅटलर.

स्टॅटलरचा जन्म २६ ऑक्टोबर १८६३ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. बाप पाद्री, घरात पोरं बरीच आणि पैसा बेताचा. कुटुंब पुढे ओहायो नदीकाठच्या ब्रिजपोर्ट गावात आलं. तिथे काचेचा कारखाना होता. नऊ-दहा वर्षांचा एल्सवर्थ त्या कारखान्यात भट्टीपाशी कामाला लागला. आपण वर्कशॉपमध्ये फोर्जिंगच्या प्रॅक्टिकलला अर्धा तास उभे राहिलो तरी बाहेर येऊन अर्धा लिटर पाणी पितो. हे पोरगं रोज तासन् तास त्या धगीत असायचं.

नदीच्या पलीकडे व्हीलिंग नावाचं मोठं गाव होतं आणि तिथे मॅक्लुअर हाऊस नावाचं हॉटेल. तेराव्या वर्षी स्टॅटलर तिथे बेलबॉय म्हणून लागला. बेलबॉय म्हणजे सगळ्यात खालची पायरी. बेल वाजली की पळायचं, बॅगा उचलायच्या, कोळसा न्यायचा, बर्फाचं पाणी वर पोचवायचं. पगार किरकोळ, खरी कमाई टिपची. पण भट्टीतून आलेल्याला हे काम म्हणजे स्वर्गच वाटला असणार.

इथे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गिऱ्हाईक बेल कधी आणि कशासाठी वाजवतं हे त्याने आपल्या पायांनी मोजलं. दुसरी म्हणजे तो हॉटेलच्या हिशेबाच्या वह्या वाचायला शिकला. पंधराव्या वर्षी तो हेड बेलबॉय झाला. मग त्याची नजर हॉटेलच्या अशा भागांकडे गेली ज्यांतून मालकाला काहीच मिळत नव्हतं. बिलियर्ड रूम रडतखडत चालली होती, ती त्याने चालवायला घेतली आणि नफ्यात आणली. रेल्वेची तिकिटं विकायचं काम घेतलं. पुढे बोलिंगचा अड्डा काढला आणि शेजारी पायचं दुकान. पाय घरचेच, आईच्या हातचे.

आज हॉटेलच्या धंद्यात अ‍ॅसेट मॅनेजर नावाची एक जमात असते. हॉटेलचा मालक वेगळा, चालवणारी कंपनी वेगळी, आणि मालकाच्या बाजूने बसून प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब मागणारा हा तिसरा माणूस. ही जागा रिकामी का, हा खर्च कशासाठी, या दुरुस्तीने कमाई वाढेल की नुसतीच शोभा, असले प्रश्न तो विचारतो. व्हीलिंगचा तो विशीतला पोरगा नेमकं हेच करत होता. फक्त त्या पदाला अजून नाव मिळालेलं नव्हतं.

१८९० च्या दशकात स्टॅटलर बफेलो शहरात आला. तिथे एलिकॉट स्क्वेअर नावाची प्रचंड ऑफिस-बिल्डिंग १८९६ साली उभी राहिली. हजारो लोक कामाला येणार, त्यांना दुपारी भूक लागणार, तळघरात मोठं रेस्टॉरंट काढलं की झालं! गणित सोपं होतं आणि चुकलं. बफेलोचे लोक दुपारी जेवायला घरी जायचे. टेबलं रिकामी आणि देणेकरी दारात. त्याने पदार्थांची यादी छाटली, खर्चाला कात्री लावली, स्वस्तात पोटभर जेवणाच्या योजना काढल्या आणि हळूहळू लोकांना तिथेच जेवायची सवय लावली. मेसच्या मामांना हा भाग जरूर वाचायला द्यावा.

कर्जातून डोकं वर निघतंय तोच त्याने आणखी मोठी उडी घेतली. १९०१ साली बफेलोला पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरणार होतं. स्टॅटलरने त्यासाठी दोन हजारांहून जास्त खोल्यांचं तात्पुरतं लाकडी हॉटेल बांधलं. प्रदर्शन संपलं की पाडायचं. पण हवा वाईट निघाली, अपेक्षेइतकी गर्दी आलीच नाही, आणि सप्टेंबरमध्ये तर त्या प्रदर्शनातच राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आठवड्याभरात ते वारले. स्टॅटलरच्या हाती फारसं काही लागलं नाही. दुसरा कोणी असता तर प्रदर्शन हा शब्द ऐकून पळाला असता. हा १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात पुन्हा तेच करायला गेला! फरक मात्र केला. या वेळी हॉटेल प्रदर्शनाच्या आवाराच्या आत बांधलं. ‘इनसाइड इन’ असं नाव, २,२५७ खोल्या. रात्री गेट बंद झालं तरी पाहुणा आतच. सुरुवातीलाच कॉफीच्या मोठ्या भांड्याचा स्फोट होऊन तो गंभीर भाजला, तरीही धंदा चालू राहिला. प्रदर्शन संपेपर्यंत तीन लाख डॉलरहून जास्त नफा झाला होता. जागेचं महत्त्व त्याला इथे जे कळलं ते तो पुढे कधी विसरला नाही.

त्या पैशातून त्याने बफेलोला पक्कं हॉटेल बांधायला घेतलं. १८ जानेवारी १९०८ ला ते सुरू झालं. तीनशे खोल्या. प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम. आणि भाडं दीड डॉलरपासून. त्याची जाहिरातही एवढीच होती: दीड डॉलरात खोली आणि बाथरूम. हॉटेलवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं. तीनशे बाथरूम म्हणजे तीनशे टब, तीनशे कमोड, आणि त्या सगळ्यांना गरम पाणी, गार पाणी, ड्रेनेज. एवढं प्लंबिंग करून दीड डॉलरात परवडणार कसं?

इथे सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी जरा सरसावून बसावं. स्टॅटलरने काय केलं, तर शेजारशेजारच्या दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून ठेवली, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. दोघांच्या मध्ये एक अरुंद उभा बोळ सोडला, तळघरापासून गच्चीपर्यंत. गरम-गार पाण्याचे पाइप, सांडपाण्याचे पाइप, व्हेंट, हीटिंग, विजेच्या तारा, सगळं त्या एका बोळातून. प्रत्येक मजल्याचा प्लॅन तोच, त्यामुळे बाथरूमवर बाथरूम येतं आणि एकच उभा पाइप प्रत्येक मजल्यावर दोन-दोन बाथरूमं सांभाळतो. भिंती फोडून आडवे पाइप फिरवायचा प्रश्नच मिटला. आज याला आपण सरळ डक्ट किंवा शाफ्ट म्हणतो आणि बिल्डिंग ड्रॉइंगच्या शीटवर न विचार करता दोन रेघा मारून मोकळे होतो. त्या काळी अमेरिकेत याला स्टॅटलरचा प्लंबिंग शाफ्ट असंच नाव पडलं.

यात बांधकामाचा खर्च वाचला हे तर उघड आहे. पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. गळती झाली तर प्लंबर शाफ्टमधून जाऊन दुरुस्त करतो. खोलीची भिंत फोडायची नाही, पाहुण्याला हलवायचं नाही. म्हणजे खोली बंद ठेवावी लागत नाही. आणि हॉटेलात बंद खोलीसारखी महाग वस्तू दुसरी नाही.

का, ते बघू. दुकानदाराचा शर्ट आज नाही खपला तर उद्या खपेल. हॉटेलची आजची रात्र आज नाही विकली तर संपली, ती गोदामात ठेवता येत नाही. उलट खर्च मात्र थांबत नाही. बॉयलर पेटलेला, मॅनेजरचा पगार चालू, कर्जाचं व्याज चालू, खोलीत कोणी असो वा नसो. शंभरावा पाहुणा आला तर जास्तीचा खर्च किती? चादर धुणं, टॉवेल, साबण, थोडं गरम पाणी. बाकीचं जवळजवळ सगळं नफ्यात. म्हणून हॉटेलवाला भाडं आणि भरलेल्या खोल्यांचं प्रमाण या दोन्हींकडे एकदम बघतो. आजकाल या दोघांचा गुणाकार करून दर उपलब्ध खोलीमागे किती कमाई झाली हा आकडा काढतात. नुसतं भाडं वाढवून खोल्या रिकाम्या ठेवणारा फसतो, आणि नुसत्या खोल्या भरून भाडं पाडणाराही फसतो.

स्टॅटलरच्या हॉटेलला लावून बघा. सोयीसाठी सगळ्या खोल्या दीड डॉलरच्याच धरू. पूर्ण भरलं तर रात्रीचे ४५० डॉलर. एक टक्का खोल्या म्हणजे तीन खोल्या, साडेचार डॉलर. ऐकायला काहीच नाही. पण वर्षाचे झाले १,६४२ डॉलर. स्वतंत्र बाथरूममुळे दहा टक्के खोल्या जास्त भरल्या असं मानलं तर वर्षाला सोळा हजार डॉलर, आणि त्यातला मोठा भाग निव्वळ नफा. शेजारचं हॉटेल त्याच पैशात कॉरिडॉरच्या टोकाला पाठवत असेल तर फिरतीवरचा विक्रेता कुठे उतरेल हे सांगायला मार्केटिंगचा पेपर द्यायला नको.

आता बेलबॉयच्या त्या दिवसांकडे परत या. बर्फाच्या पाण्यासाठी जिना किती वेळा चढावा लागतो हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याच्या हॉटेलांत थंडगार पिण्याचं पाणी नळानेच खोलीत फिरवलं. पाहुणा खूश, आणि बेलबॉयच्या फेऱ्या वाचल्या. (त्या फेऱ्यांबरोबर बिचाऱ्यांची टिपही वाचली, हे कोणी लिहीत नाही.) प्रत्येक खोलीत टेलिफोन दिला. विजेचं बटण दाराच्या आत लगेच हाताला लागेल असं बसवलं. त्याआधी माणूस अंधारात चाचपडत दिव्यापर्यंत जायचा. किल्लीचं भोक मुठीच्या खाली असायचं, ते त्याने मुठीच्या वर घेतलं, म्हणजे रात्री उशिरा आलेल्याला, मग तो कोणत्याही कारणाने उशिरा आलेला असो, ते पटकन सापडावं. अंगभर दिसेल एवढा आरसा. आरशाशेजारी टॉवेल अडकवायला आकडा. सुई-दोरा ओवून ठेवलेली छोटी उशी. सकाळी दाराखालून सरकवलेलं फुकट वर्तमानपत्र.

यातली एकही गोष्ट महाग नाही. भोक मुठीच्या वर पाडायला आणि खाली पाडायला सुताराची मजुरी सारखीच लागते. आपल्याकडे एखादी सुधारणा सुचवली की पहिला प्रश्न बजेट किती हा येतो. स्टॅटलरच्या निम्म्या सुधारणांना बजेट लागलंच नसावं, लागलं ते लक्ष.

बफेलो चाललं आणि मग गाडी थांबली नाही. १९१२ मध्ये क्लीव्हलँड, १९१५ मध्ये डेट्रॉइट, १९१७ मध्ये सेंट लुईस. प्रत्येक ठिकाणी जागा मोक्याची, आराखडा एकाच घराण्यातला. एकदा जमलेलं डिझाइन पुन्हा पुन्हा वापरायचं, दर वेळी थोडं सुधारायचं. खोल्या सारख्या, म्हणून पलंग, गालिचे, चादरी घाऊक भावात. टीकाकार म्हणत की याची सगळी हॉटेलं सारखीच, त्यांना व्यक्तिमत्त्व नाही. टीका खोटी नव्हती. पण सगळ्या गावांत सारखीच खोली मिळणार ही खात्री हेच तर गिऱ्हाइकाला हवं होतं.

नोकरांच्या बाबतीत तो कडक होता. प्रत्येकाला सेवेच्या नियमांची छोटी पुस्तिका मिळायची आणि ती नुसती खिशात ठेवून भागत नसे. पाहुण्याशी वाद घालायचा नाही, टिप न देणाऱ्यालाही तीच वागणूक. हा नियम टिपेवर जगलेल्या माणसाने केला होता हे विशेष. मला स्वतःला यातली सगळीच शिस्त पटत नाही. गिऱ्हाईक कधीकधी साफ चुकीचंच असतं, आणि समोर उभा असलेला वेटरही माणूसच असतो. पण हेही खरं, की टिपेशिवाय ओळखच न देणारा वेटर हॉटेलला किती महाग पडतो हे स्टॅटलरइतकं कोणाला माहीत असणार?

१९१९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला ‘हॉटेल पेनसिल्व्हेनिया’ उघडलं. २,२०० खोल्या, त्या वेळी जगातलं सगळ्यात मोठं हॉटेल. इमारत बांधली पेनसिल्व्हेनिया रेल्वेने, आपल्या प्रचंड स्टेशनच्या समोर, आणि चालवायला दिली स्टॅटलरकडे. मालक एक, चालवणारा दुसरा. रेल्वेला गाड्या चालवता येत होत्या, हॉटेल नाही. जगभरातल्या मोठ्या हॉटेलांपैकी कितीतरी आज याच पद्धतीने चालतात, दारावर नाव एकाचं आणि सातबारा दुसऱ्याचा! या हॉटेलात खोलीच्या दारातच एक कप्पा होता, आतून आणि बाहेरून उघडणारा. पाहुण्याने मळका कोट आत टाकायचा, नोकराने बाहेरून काढून इस्त्री करून परत ठेवायचा. कोणाची झोपमोड नाही.

१९२३ मध्ये बफेलोतच अकराशे खोल्यांचं नवं स्टॅटलर झालं आणि जुन्याचं नाव बदलून हॉटेल बफेलो ठेवलं. १९२७ मध्ये बॉस्टन. तिथे हॉटेलला लागूनच ऑफिसांची इमारत बांधली, म्हणजे खोल्या रिकाम्या राहिल्या तरी ऑफिसांचं भाडं येत राहावं. खोल्यांमध्ये रेडिओ ऐकायची सोय केली. रेडिओ हीच नवलाई होती तेव्हा.

शिक्षणाबद्दलचा त्याचा किस्सा आपल्या कामाचा आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९२२ साली हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा स्टॅटलरने त्याची टिंगल केली होती. हॉटेल कॉलेजात शिकतात का, बॅगा उचलून शिकतात, असं त्याचं मत. नंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी एक दिवस स्वतः हॉटेल चालवून दाखवायचा उपक्रम काढला. स्टॅटलर तो बघायला गेला. पोरांनी स्वयंपाकापासून हिशेबापर्यंत सगळं केलेलं पाहिलं आणि हा हट्टी माणूस तिथल्या तिथे बदलला. कार्यक्रम चालवणाऱ्या प्राध्यापक मीक यांना जे लागेल ते द्यायची तयारी त्याने दाखवली. टेक्निकल इव्हेंटच्या दिवशी पाहुणे आले की नुसतं फीत कापून चहा पाजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

१६ एप्रिल १९२८ ला न्यूमोनियाने त्याचा न्यूयॉर्कमध्ये मृत्यू झाला. वय चौसष्ट. दीडच वर्षात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. लोकांचा प्रवास थांबला, खोल्या ओस पडल्या. त्या वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक हॉटेलांचं दिवाळं वाजलं किंवा ती कोर्टाच्या ताब्यात गेली. स्टॅटलरची साखळी उभी राहिली. चालवायला स्वस्त इमारती, मोक्याच्या जागा आणि काटेकोर हिशेब, याचा खरा कस तेव्हा लागला. कंपनीची सूत्रं त्याची पत्नी अ‍ॅलिस हिच्याकडे आली होती. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना तिच्यावर ही जबाबदारी पडली, आणि मंदी, मग महायुद्ध, अशा काळातून तिने ती निभावली. स्टॅटलरवर लिहिताना तिला एका ओळीत उरकतात, मीही फार वेगळं केलेलं नाही, पण साखळी टिकवण्याचं श्रेय अर्धंअधिक तिचं आहे.

१९५४ मध्ये कॉनराड हिल्टनने स्टॅटलर हॉटेल्स ११ कोटी १० लाख डॉलरला विकत घेतली. तोवरच्या सगळ्यात मोठ्या मालमत्ता-व्यवहारांपैकी तो एक होता. हिल्टन स्वतः हॉटेलच्या कानाकोपऱ्यातून पैसा काढण्यात वाकबगार. अशा माणसाने एवढी रक्कम मोजली यातच काय ते आलं.

इमारतींचं म्हणाल तर न्यूयॉर्कचं हॉटेल पेनसिल्व्हेनिया २०२० मध्ये बंद पडलं आणि २०२३ पर्यंत जमीनदोस्त झालं. त्या जागेची किंमत आतल्या २,२०० खोल्यांपेक्षा जास्त झाली होती. मृत्युपत्राप्रमाणे निघालेल्या स्टॅटलर फाउंडेशनच्या पैशातून कॉर्नेलमध्ये १९५० साली हॉटेल शिक्षणाची इमारत उभी राहिली. तिला जोडून खरंखुरं हॉटेल आहे, त्याचंही नाव स्टॅटलर. तिथे विद्यार्थी पाहुण्यांच्या सेवेला असतात, आणि लेक्चर संपलं की त्यांच्यातलाच कोणीतरी डेस्कवर जाऊन उभा राहतो.